पाटी मराठी, पान इंग्रजी

नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर १७ मधल्या बाजारपेठेतून एखाद्या संध्याकाळी फेरफटका मारा आणि दुकानांच्या पाट्या वाचत चला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. पाटीवरचे नाव देवनागरी लिपीत, मराठीत आणि सुरुवातीलाच असले पाहिजे, आणि त्याची अक्षरे शेजारच्या दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असा नियम झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पाट्या रंगवणाऱ्यांना बरेच काम मिळाले. आता घरी या आणि त्याच दुकानांची, दवाखान्यांची, शिकवणी वर्गांची संकेतस्थळे उघडून पाहा. रस्त्यावरची पाटी मराठी. पण संकेतस्थळाचे पहिले पान, ज्याला होमपेज किंवा मुखपान म्हणतात, ते बहुधा इंग्रजीच असते. जगाच्या बाजारात टांगलेली ही दुसरी पाटी. तिला हा कायदा लागू होत नाही, हे खरे. पण कारण तेवढेच नाही.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणाऱ्या एका स्नेह्यांना मी हे विचारले. त्यांचे बरेचसे ग्राहक सातारा, सांगली, नगर भागातले, बहुतेक मराठी बोलणारे. तरी मुखपान इंग्रजीत का? ते म्हणाले, "अहो, मराठीत पान केलं की ते गावठी दिसतं. प्रोफेशनल वाटत नाही." हे वाक्य मला बराच काळ टोचत राहिले. ते भाषेविषयी असेल अशी माझी आधी समजूत होती. पुढे ध्यानात आले की ते म्हणतात ते *दिसण्याविषयी* आहे, आणि एका अर्थाने ते खरेच होते. मराठी मुखपान पहिली दहा-बारा वर्षे खरोखरच वाईट दिसत असे. ते तसे का दिसे, हा संगणकशास्त्राच्या इतिहासातला प्रश्न आहे. मराठीच्या योग्यतेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गोष्ट जरा मागून सुरू करू. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेल्या मजकुराचा ठसा दगडावर उठवतात आणि त्यावरून प्रती काढतात. म्हणजे पान हे अक्षरांचे एक अखंड चित्रच असते. त्यातला 'क' उचलून दुसऱ्या पानात बसवता येत नाही. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, जो १८६९ साली निघाला, देवनागरीचे सुबक खिळे पाडले, आणि ते दूरवर वापरले गेले. खिळा हा सुटा असतो. तो जुळवता येतो, काढता येतो, पुन्हा वापरता येतो. *अक्षराचे चित्र* आणि *सुटे अक्षर* यांतला हा फरक लक्षात ठेवा. दीडशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर हेच नाटक पुन्हा झाले, आणि ते त्याच क्रमाने झाले.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची रचना केली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. त्यांचे पहिले पान म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे. १९९३ साली 'मोझॅक' हा ब्राउझर आला. त्यात मजकुराच्या शेजारीच चित्रे दिसू लागली, आणि व्यापारी लोकांचे लक्ष तिकडे वळले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पण त्या काळच्या वेबच्या मजकुरासाठी ठरलेला अक्षरसंच होता 'लॅटिन-१'. एक अक्षर म्हणजे आठ बिटे, म्हणून एकूण जागा २५६. त्यांत इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांची टोप्या-टिंबे घातलेली अक्षरे बसवली होती. देवनागरीला त्यात जागा नव्हती.

मग मराठी व्यावसायिकाने काय करावे? पहिला उपाय शिळाप्रेसचाच. मराठी मजकूर संगणकावर जुळवायचा, त्याचे चित्र करायचे आणि ते पानावर चिकटवायचे. हा उपाय किती महाग पडे, याचा हिशेब वर्गात करून घेण्याजोगा आहे. त्या काळचा एक सर्वसाधारण मोडेम सेकंदाला २८,८०० बिटे आणी, म्हणजे ३,६०० बाइट. दोन हजार अक्षरांचा इंग्रजी मजकूर म्हणजे २,००० बाइट. तो सेकंदाच्या आत येई. तेवढ्याच मराठी मजकुराचे चित्र ६०,००० बाइटचे धरले, तर त्याला सुमारे १७ सेकंद लागत, तेही फोनची लाइन धड असली तर. शिवाय चित्र मोठे करून पाहिले की अक्षरांच्या कडांना करवतीसारखे दाते दिसत. त्यातला शब्द शोधता येत नसे, आणि अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला ते कोरे पानच वाटे.

दुसरा उपाय चलाखीचा होता, आणि त्यानेच जास्त नुकसान केले असे माझे मत आहे. इंग्रजी अक्षरांच्या ज्या जागा आहेत, त्याच जागांवर देवनागरी आकार काढलेले फाँट बनवायचे. एका जागेवर 'क', दुसरीवर काना, तिसरीवर अर्धा 'स'. छापखान्यांसाठी अशा फाँटांनी नव्वदच्या दशकात मोठेच काम केले. कागदावर एकदा छापले की आत काय साठवले होते, याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते. वेबची गोष्ट वेगळी. तिथे पानासोबत आकार जात नाहीत, फक्त क्रमांक जातात. आकार पाहुण्याच्या संगणकावरच्या फाँटमधून येतात. तो विशिष्ट फाँट पाहुण्याकडे नसेल तर? २००० सालच्या सुमारास वाशीच्या एका सायबर कॅफेत मी एक मराठी वर्तमानपत्र पहिल्यांदा पडद्यावर उघडले, तेव्हा मला इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरच्या खुणा आणि उलटसुलट स्वल्पविराम यांची रांगोळी दिसली. वर इंग्रजीत सूचना: आधी आमचा फाँट उतरवून घ्या. कॅफेच्या मालकाने संगणकावर काहीही उतरवायला बंदी केलेली होती. दुकानाच्या दारात पाटी असावी, आणि ती वाचण्यासाठी लागणारा चष्मा समोरच्या गल्लीतून आणायला सांगावे, तसा हा प्रकार. प्रत्येक दुकानाचा चष्मा निराळा, ही आणखी एक गंमत. प्रत्येक फाँटवाल्या कंपनीने आकारांच्या जागा आपल्या सोयीने ठरवल्या होत्या.

१९९७ साली पानासोबतच फाँट पाठवण्याच्या दोन पद्धती निघाल्या. एक नेटस्केपने स्वीकारलेली, दुसरी मायक्रोसॉफ्टची. दोघींचे एकमेकींशी जमत नसे. त्यामुळे काही मराठी संकेतस्थळे एका ब्राउझरमध्ये देखणी आणि दुसऱ्यात रांगोळी अशी दिसत. पण खरा दोष याहून खोल होता. पडद्यावर जरी 'कारखाना' असे दिसले, तरी फाइलमध्ये 'कारखाना' हा शब्द नव्हताच. होती ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन ओळ. शोधयंत्रांनी पाने धुंडाळायला सुरुवात केली तेव्हा त्यांना या पानांत मराठी सापडले नाही. ज्या व्यावसायिकाने हौसेने मराठी मुखपान केले, त्याचा पत्ता कोणाला लागेना. ज्याने इंग्रजी केले, त्याला ग्राहक शोधत आले. माझ्या स्नेह्यांचे 'प्रोफेशनल' हे मत या अनुभवातून घडले आहे.

याची दुसरी बाजू अशी की हा प्रश्न कसा सोडवायचा ते आपल्याकडच्या लोकांना आधीच ठाऊक होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये वाढलेले 'जिस्ट'चे काम एका साध्या तत्त्वावर उभे होते: साठवायचे ते *अक्षर*, दाखवायचा तो *आकार*, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. 'स्त्री' हा शब्द घ्या. साठवताना तो सहा खुणांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. या सहांचा मिळून एक जोडाकार काढणे हे पडद्याचे काम. 'कि' मध्ये आपण आधी क उच्चारतो आणि मग इकार; साठवणही त्याच क्रमाने होते, पण दिसताना वेलांटी डावीकडे उडी मारते. ती उडीदेखील यंत्राने मारायची. हे तत्त्व 'इस्की' या संकेतप्रणालीत उतरले आणि १९९१ साली ते भारतीय मानक झाले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली आणि तिला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा दिला. १९९७ च्या डिसेंबरात वेबच्या पानांच्या भाषेची चौथी आवृत्ती आली. तिने युनिकोड स्वीकारले. म्हणजे कागदोपत्री सारे झाले होते. उणीव होती ती आकार काढणाऱ्या यंत्रणेची, आणि आकार घडवणाऱ्या हाताची.

तो हात र. कृ. जोशी यांचा. रघुनाथ कृष्ण जोशी (जन्म १९३६) हे कवी आणि सुलेखनकार म्हणून मराठी वाचकांना माहीत असतात. त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ 'उल्का' या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक म्हणून काढला, हे मात्र विसरले जाते. उत्पादनाचे नाव कोणत्या वळणात लिहिले म्हणजे ते भारदस्त वाटते आणि कोणत्या वळणात ते स्वस्त वाटते, हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. १९८३ पासून त्यांनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले, आणि तिथून पुढे ते एनसीएसटीत, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका गटातून १९८५ साली ही जुहूची संस्था निघाली होती. 'डॉट इन' हे भारताचे इंटरनेटवरचे आडनाव वाटण्याचे काम २००५ पर्यंत तिच्याचकडे होते. दुकानाला जागा देणारी कचेरी आणि पाटीची अक्षरे घडवणारी कार्यशाळा एकाच छताखाली, असा हा योग. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. नवी मुंबईकर वाचक रोज लोकलने तिच्यासमोरून जातात; सी-डॅकच्या मुंबई केंद्राची एक इमारत खारघर स्थानकासमोर आहे.

एनसीएसटीत जोशी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० सोबत तो जगभर गेला. हे काम किती अवघड होते, याची कल्पना यावी म्हणून चौकटीच्या कागदावर एक प्रयोग करा. सोळा चौकटी उंचीच्या पट्टीत 'मूर्ती' हा शब्द बसवायचा. चौकट एकतर पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी. वर रफार आणि वेलांटीचा फणा, मग शिरोरेषा, मग म आणि त यांचे अंग, आणि खाली ऊकार. अंगासाठी आठ-नऊ चौकटी उरतात. त्याच पट्टीत इंग्रजीचे मोठे 'एम' मात्र ऐसपैस बसते. त्या काळच्या पडद्यांवर मजकुराचा आकार साधारण एवढाच असे. इंग्रजीला १९९६ मध्येच मॅथ्यू कार्टर यांनी खास पडद्यासाठी आखलेला 'व्हर्डाना' मिळाला होता. मराठीला तशी सोय मिळाली ती चार वर्षांनी, आणि तीही तिच्या वाट्याला एकच.

शिवाय ती सहज हाती येत नसे. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी भाषांच्या पर्यायांत जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी किती घरांत सापडत असेल! २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून ही कटकट संपली. पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी २००८ रोजी, जोशी सॅन फ्रान्सिस्को येथे वारले.

त्याच २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मराठीसाठी एक अक्षर आले: ॲ. त्याआधी ॲग्रो, ॲकॅडमी, ॲडव्होकेट अशी नावे 'अ' वर चंद्र चिकटवून लिहावी लागत. दिसायला दोन्ही सारखेच, पण साठवणीत निरनिराळे. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडेलच असे नाही. ज्या धंद्याचे नावच 'ॲ'ने सुरू होते, त्याच्या मालकाला याची किंमत विचारा.

मराठीचा आणखी एक हट्टी आकार म्हणजे 'ऱ्य'मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीवर बेतलेल्या यंत्रणांत तो नेहमी मागे राहिला. साधा र, हलन्त आणि य जुळवले की रफार मिळतो. चंद्रकोर हवी तर खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो, किंवा र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण घालावी लागते. फरक किरकोळ नाही. लग्नाच्या जेवणाचे कंत्राट घेणाऱ्याच्या मुखपानावर 'आमच्या आचाऱ्यांना तीस वर्षांचा अनुभव' हे वाक्य 'आचार्यांना' असे उमटले, तर पंगतीत स्वयंपाकी नव्हे, मठाधिपती वाढायला येतील. ल आणि श यांचेही तसेच. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदी छपाईत त्यांची रूपे वेगळी असतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठी रूपे वापरण्यास सांगितले आहे. काही चांगल्या फाँटांत दोन्ही रूपे असतात, आणि कोणते दाखवायचे हे पानाच्या सुरुवातीला भाषा कोणती सांगितली आहे त्यावरून ठरते. 'एम-आर' ही दोन इंग्रजी अक्षरे तिथे लिहिली की मराठी रूप येते, 'एच-आय' लिहिली की हिंदी. पान बनवणारे बहुतेक जण हे लिहायलाच विसरतात किंवा तिथे आयते आलेले इंग्रजी राहू देतात.

एकच फाँट असण्याने दुसरी अडचण झाली. बँक, मिठाईवाला, शाळा आणि दगडखाण, सर्वांची पाने एकाच वळणाची. रस्त्यावरच्या पाटीला रंगाऱ्याचा हात असतो. पाहताक्षणी सराफ कोणता आणि गॅरेज कोणते ते कळते. मुखपानाला ते स्वातंत्र्य मिळाले २०१० नंतर, जेव्हा पानासोबत फाँट पाठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळली; २०१२ साली वेबच्या मानक संस्थेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. याच दशकात मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फाँट विनामूल्य खुले केले. पहिला शांत आणि सरळ, दुसरा गुबगुबीत आणि हसरा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये '.भारत' हे देवनागरी आडनावही आले, म्हणजे पत्ताही मराठीत लिहिता येऊ लागला. आतून तो अजून इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलूनच प्रवास करतो, पण हे लिहिणाऱ्याला दिसत नाही.

साधने आली, तरी सवयी इंग्रजीच्या राहिल्या. इंग्रजी मुखपानावर शीर्षक भारदस्त करायचे तर अक्षरांमध्ये अंतर सोडतात. तोच नियम मराठीला लावला की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. इंग्रजीच्या ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा ऊकार खालच्या रफारात अडकतो. इंग्रजीशेजारी मराठी ठेवताना फाँटचा आकडा सारखा ठेवला तर बऱ्याचदा मराठी बारीक दिसते, कारण पट्टीचा बराच भाग मात्रा-उकारांनी घेतलेला असतो. म्हणून आकडा थोडा वाढवावा लागतो. हे पाहून लोक म्हणतात, मराठी पान नेटके दिसत नाही.

हे सगळे मी माझ्या स्नेह्यांना सांगितले. ते हिशेबी गृहस्थ आहेत. एवढ्या इतिहासाने विरघळले नाहीत. पण त्यांनी मुखपानाची एक मराठी प्रत करून पाहायला सांगितली. पान बनवणाऱ्या मुलाने ती आठवड्यात पाठवली. वर कारखान्याचे नाव सुरेख दिसत होते, पण ते बोट ठेवून निवडायला गेल्यावर कळले की ते पाटीचे छायाचित्र आहे, म्हणजे पुन्हा शिळाप्रेस. त्याखालच्या ओळीत 'शेतकर्यांना पंपाचे सुटे भाग पुरवणार्या' असे होते. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला. "तुमच्या त्या चंद्रकोरी मोजल्या मी," ते म्हणाले, "एका पानावर नऊ ठिकाणी पाहिजेत. एकही नाही. पोराला सांगितलंय, नऊच्या नऊ आल्याशिवाय बिल पास होणार नाही."